पाण्यात पाहणारे

रविवारी दुपारी माईच्या घरी सगळे जमले, पण ओट्याकडे कुणीच गेलं नाही. एरवी थोरली सून आल्या आल्या बाह्या सरसावून गॅसचा ताबा घ्यायची आणि 'मीठ मी घालीन' म्हणून माई तिच्या मागे उभी राहायची. सासू-सुनेचं ते ठरलेलं भांडण होतं आणि त्याशिवाय त्या घरात कुणाला भूक लागत नसे. आज थोरली खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर तशीच. खाली माईचं शिवणकामाचं दुकान बंद होतं आणि वरच्या खोलीचं दारही बंद होतं. बोलणी काहीही चालली तरी सगळ्यांचे कान त्या वरच्या दाराशी होते.

आत धाकटी सून होती. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी आबांनी, म्हणजे माईच्या सासऱ्यांनी, तिला मासोळी म्हणायला सुरुवात केली आणि आता तिचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. तरणतलावावर ती लहान पोरांना शिकवायची. काठाला चिकटून भोकाड पसरणारं पोर चार दिवसांत तिच्या तळहातावर पालथं होऊन पाय झाडायला लागायचं. या घराण्यात पाण्यात उतरलेलं ते पहिलंच माणूस. आबा या मुलखात बोटीनं आले, पण बोटीत घट्ट बसून आले. माई तर बादलीतल्या पाण्याशीही अंतर राखून होती.

महिन्याभरापूर्वीच्या एका शनिवारी मासोळीनं पाण्यात पाय टाकला, तशी काठावरची एक आई उठली आणि तिनं आपल्या पोराला दंडाला धरून बाहेर काढलं. मासोळीला वाटलं, पोराला बरं नसेल. मग दुसरं पोर निघालं. मग तिसरं. "ही उतरली की पाण्याला वास येतो," एक बाई मोठ्यानं म्हणाली, कुणाकडेही न बघता. मागून एका बापानं विचारलं, "पाणी बदलतात ना हो इथलं?" दोघंतिघं हसली. बाकीची हसली नाहीत, त्यांनी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

पुढच्या शनिवारी निम्मीच पोरं आली. व्यवस्थापकानं मासोळीला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि वातावरण निवळेपर्यंत तिनं लॉकरच्या किल्ल्या द्यायला बसावं, असं साखरेत घोळून सांगितलं. ती बसली. काही माणसं किल्ली तिच्या हातातून घेत नसत; काउंटरवर ठेवायला लावत आणि मग उचलत. एका सकाळी ती डबा घेऊन निघाली आणि कोपऱ्यावरून परत आली. त्यानंतर तिनं उंबरा ओलांडला नव्हता. जेवण दोन घासांवर आलं होतं, झोप उडाली होती आणि दिवसातून कितीदा तरी न्हाणीघरातला नळ वाहत असे.

"थोडा धीर धरा," थोरला म्हणाला. विमा कंपनीत तो साहेब होता आणि तलावाच्या समितीवरही होता. या रंगाचा, या आडनावाचा तिथला पहिला माणूस. त्याची निवड झाली तेव्हा माईनं अख्ख्या गल्लीला चहा पाजला होता. "समितीत हा विषय पुन्हा येणारच आहे. आत्ता आरडाओरडा केला तर लोक आणखी बिथरतील."

"विषय?" धाकटा म्हणाला. "माझी बायको विषय आहे का, दादा?"

"शब्दात पकडू नकोस रे."

"मग कशात पकडू? आम्ही हे गाव सोडतोय. वायरिंगचं काम मला कुठंही मिळेल. भिंती सगळीकडे सारख्याच."

"माणसंही सगळीकडे सारखीच, तोच तर घोळ आहे," अक्का म्हणाली. ती माईची सगळ्यांत मोठी लेक. दवाखान्यात नर्स होती आणि तिचा आवाज कधी चढत नसे, म्हणून तिच्याशी भांडणं अवघड जाई. "गाव सोडायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी हे ध्यानात घ्या, ती आजारी आहे. रुसलेली नाही, नाटकं करत नाही. ताप असता तर तुम्ही सगळे थर्मामीटर शोधत फिरला असता. रोज कुणी तुच्छतेनं बघत राहिलं ना, की माणूस स्वतःकडेही त्याच डोळ्यांनी बघायला लागतो. त्याला डॉक्टर लागतो. आणि नुसता डॉक्टर पुरत नाही, माणसं लागतात. गुरुवारी मी तिला आमच्या गटात नेते."

"डॉक्टरकडे ने," माई म्हणाली. "पण ते गुरुवारचं मंडळ नको. घरातली गोष्ट चार बायकांपुढे कशाला उघडी करायची? हा म्हणतोय ते बरोबर आहे. धीर धरावा. आम्ही नाही का धरला?"

थोरल्याला बरं वाटलं. आई आपल्या बाजूला असली की त्याला लहानपणापासून खुर्चीत नीट बसता येई.

"तो तलाव मी बांधलाय," आबा खिडकीजवळून म्हणाले.

कुणीच वळून पाहिलं नाही. हे वाक्य घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. आबा लादीकाम करायचे. तलावाच्या तळाची निळी लादी त्यांनी गुडघ्यांवर बसून बसवली होती. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते आपले गुडघे दाखवत आणि म्हणत, हा एक तलावाचा आणि हा एक तलावाचा.

"पुढचं तुम्हाला ठाऊक नाही," आबा म्हणाले. "पाणी भरलं. फाटक उघडलं. मी नवा सदरा घालून गेलो. फाटकावरचा म्हणाला, तुमचं काम संपलं. मी म्हटलं, तिकीट काढतो की. तो म्हणाला, तुमच्यासाठी तिकीट नाही."

आता सगळे वळले.

"मग?" धाकट्यानं विचारलं.

"मग काय, घरी आलो. तुमच्या आजीला सांगितलं, पाणी फार गार आहे. तेव्हापासून तेच सांगतोय सगळ्यांना. पोटाचा प्रश्न होता, गप्प बसलो, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण गप्प बसून झोप लागली असं समजू नका. कित्येक वर्षं लागत नव्हती. तेव्हा त्याला आजार म्हणतात हे कुणाला ठाऊक होतं? तुमच्या आजीला वाटायचं, मला ढेकूण चावतात." मग त्यांनी मान हलवली. "ते लोक आपल्याला पाण्यात पाहतात म्हणावं, तर आपण पाण्यात कधी दिसलोच नाही!"

आपल्याच विनोदावर ते एकटेच हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. माई बघतच राहिली. या माणसाचे कपडे ती इतकी वर्षं शिवत होती, माप तिला न घेता ठाऊक होतं, आणि हे ठाऊक नव्हतं.

थोरलीनं मांडीवरची पर्स खाली ठेवली. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हिला किल्ल्यांवर बसवायचं ठरलं, त्या बैठकीला तुम्ही होतात ना?"

"ठरलं असं नाही. नुसती चर्चा झाली."

"चर्चेत तुम्ही काय बोललात?"

थोरल्यानं समोरचा पाण्याचा ग्लास थोडा डावीकडे सरकवला, मग परत उजवीकडे.

"कळलं," थोरली म्हणाली. "हाताची घडी, तोंडावर बोट."

"चारचौघांत नवऱ्याला असं बोलू नये," माई म्हणाली.

"माई, आज तुम्ही मध्ये पडू नका. मासोळीचा फोटो आला होता, तेव्हा तुम्ही तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला होता. 'मुलगी गुणाची आहे, रंग तेवढा जरा...' तो तुमचा 'जरा' माझ्या अजून कानात आहे. मी गोरी म्हणून या घरात मिरवले, तेव्हा मला आवडलंच. पण तलावावरच्या त्या बाईनं तेवढंच जरा मोठ्यानं म्हटलं."

थोरली खोटं बोलत असती तर माईनं तिला उभी जाळली असती.

तेवढ्यात जिना वाजला. मासोळी मधल्या पायरीवर उभी होती. केस ओले, ऊन असूनही अंगात नवऱ्याचा स्वेटर. खालचं किती ऐकलं होतं कोण जाणे. ती सरळ माईकडे बघत होती.

"माई, तुम्ही खरं सांगता," ती म्हणाली. "हे सांगत नाहीत, अक्का सांगत नाहीत. मला वास येतो का?"

धाकट्यानं तोंड फिरवलं. माई उठली. गुडघे कुरकुरले तरी कठड्याला न धरता जिना चढली. तिनं सुनेचे दोन्ही हात हातात घेतले. घासून घासून कातडी फुटली होती, बोटांच्या बेचक्यात लाल चिरा होत्या. माईनं तिला जवळ ओढलं, तिच्या मानेत नाक खुपसलं आणि पोट भरून श्वास घेतला.

"येतो," माई म्हणाली.

मासोळीचं अंग ताठ झालं.

"साबणाचा येतो. अख्खा डबा संपवलास माझा. दुसरा कसला वास येत असेल तर तो ज्यांच्या तोंडातून आला त्यांचा आहे, तुझा नाही."

त्यावर मासोळी रडली. इतके दिवस तिचं रडणंसुद्धा बंद होतं. माई तिला धरून तिथेच पायरीवर बसली, आणि तिच्या डोक्यावरून लेकीला म्हणाली, "गुरुवारी किती वाजता असतं गं तुझं ते मंडळ?"

*

मंडळ जमायचं ते लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत. खाली मोठी यंत्रं फिरत, त्यांच्या उबेनं वरची फरशी कोमट असायची आणि बायका आल्या आल्या चपला काढून पाय टेकवत. माई पहिल्या दिवशी दुमड शिवायची एक पँट घेऊन गेली. कुणाला वाटू नये की ती ऐकायला आली आहे.

तिथे बेकरीवाली होती, दार पुरणार नाही अशी रुंद. बसची कंडक्टर होती. वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या, वेगवेगळ्या रंगांच्या आणखी आठ-दहा जणी होत्या. वाचनालयातली ग्रंथपाल मात्र इथलीच, गोरीपान. ती दाराजवळच्या खुर्चीत बसे.

"माणसं सुटे पैसे माझ्या हातात ठेवत नाहीत," कंडक्टर सांगत होती. "मशीनवर टाकतात. मी काही बोलायची नाही. घरी जाऊन पोरांना मारायची. एकदा धाकटीच्या गालावर माझी बोटं उठलेली दिसली, तेव्हा कळलं की मी बसमधलं सगळं घरी घेऊन येतेय."

माईची सुई थांबली. कुणी 'अरेरे' म्हटलं नाही, कुणी उपदेश केला नाही. शेजारचीनं कंडक्टरचा चहा तिच्या हाताशी सरकवला, एवढंच. बाईनं तो घेतला आणि पुढं बोलू लागली. असं कुठं बोलता येतं हेच माईला ठाऊक नव्हतं. तिच्या वेळी बायका भांडी आपटत, नाहीतर डोकं दुखतंय म्हणून निजत.

जादू काही झाली नाही. डॉक्टरांनी झोपेसाठी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. मासोळी गुरुवारी यायची, अंग चोरून बसायची आणि गप्पच राहायची. अक्का तिला बोल म्हणत नसे. माईला राहवत नसे. पण दुमड शिवणाऱ्या बाईनं आपल्या दुमडीकडे बघावं, असं अक्कानं तिला बजावलं होतं.

मग एका गुरुवारी ग्रंथपाल उभी राहिली. "त्या शनिवारी मी काठावर होते," ती म्हणाली. "मी माझ्या मुलीला पाण्यातून काढलं नाही. पण मी उठून एक शब्दही बोलले नाही. मला वाटलं, मुलीला पाण्यात राहू दिलं म्हणजे माझं काम झालं. ती रोज विचारते, बाई कुठं गेल्या."

माईनं ठरवलं, ही बाई आता रडली तर आपण उठून जायचं. सुनेनं तिचेही डोळे पुसायचे हे काही चालणार नाही. पण ग्रंथपाल रडली नाही. नुसती उभी राहिली.

"तिला पाण्यात फुगे सोडता येतात का अजून?" मासोळीनं विचारलं. "नाकानं? की घाबरते?"

"तोंडानंच सोडते."

"नाकानं सोडायला लावा. अंघोळीच्या बादलीतसुद्धा जमतं." आणि मग धरण फुटावं तशी ती बोलायला लागली. काठावरचं, केबिनमधलं, किल्ल्यांचं. "मी पाण्यात असले की मला माझा रंग आठवत नाही. रस्त्यावर आठवतो, दुकानात आठवतो, बसमध्ये तर आठवतोच. पाण्यात फक्त हात आणि पाय असतात. जगात माझी तेवढी एक जागा होती. तिच्यातही ते घुसले." तिनं नाक पुसलं. "मला शिकवायचंय हो. पण शिकवू कुणाला?"

"मला शिकव की," बेकरीवाली म्हणाली. "मी उडी मारली की निम्मा तलाव बाहेर येईल. पाणी बदलायचा त्यांचा खर्च वाचेल."

आधी कंडक्टर हसली. मग खोली हसली आणि त्या हसण्यात माईला मासोळीचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी! मग चौकशी झाली, तर खोलीत पोहता येणारी एक मासोळी सोडली तर दुसरी फक्त ग्रंथपाल. कुणाला लहानपणी फाटकातून आत घेतलं नव्हतं, कुणाला आईनं जाऊ दिलं नव्हतं. कुणाला तसले तोकडे कपडे घालायचे नव्हते.

"कपड्यांचं मी बघते," माई म्हणाली. आणि दातांनी दोरा तोडताना तिला ऐकू आलं की तिचंच तोंड पुढं म्हणतंय, "मीपण येते."

*

पोहायचं कापड शिवणं म्हणजे जिवंत मासा शिवणं. पायाखाली सरकतं, सुईखाली पळतं. माईनं जांभळ्या लायक्राचा अख्खा तागा घेतला, गोल टोकाच्या सुया आणल्या आणि लांब बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे कपडे बेतले. थोरली रोज संध्याकाळी कापायला यायची. मिठावरून भांडणाऱ्या दोघी आता इलॅस्टिकवरून भांडू लागल्या.

"अर्धा इंच सैल सोडा, माई."

"सैल सोडलं तर पाण्यात फुगा होईल. तू बाई आहेस, फुगा नाहीस."

एका संध्याकाळी थोरला दुकानात आला. टाय सैल केलेला. बायको आणि आई दोघींनी त्याच्याकडे बघितलं आणि परत कापडाकडे बघितलं. त्याला बसायला कुणी सांगितलं नाही, आणि एकुलत्या स्टुलावर जांभळ्या कपड्यांची चळत होती.

"मंगळवार सकाळचा एक तास तुमच्या गटानं मागितलाय," तो म्हणाला. "अर्ज समितीपुढे आलाय. शिकवणारी म्हणून मासोळीचंच नाव. आई, तू पण उतरणार आहेस म्हणे?"

"हो."

"लोक हसतील गं. तुझं वय काय..."

"मी लादीवर घसरून पडले तर हसतील. पाण्यात उतरले तर बघतील. बघू देत."

थोरला कपड्यांची चळत हातात उचलून स्टुलावर बसला. ओव्हरलॉकचं यंत्र खडखडत होतं, ते माईनं बंद केलं.

"मी का बोललो नाही, विचारत नाहीस?"

"तूच सांगशील म्हणून थांबलेय."

"मला वाटलं, एकदा बोललो की मी त्यांच्यातला राहणार नाही. मग ते माझ्याकडेही तसंच बघायला लागतील. इतकी वर्षं त्यांना ते दिसू दिलं नव्हतं मी."

"बाळा," माई म्हणाली, "तुझा रंग त्यांना दिसत नव्हता, असं तुला वाटत होतं होय?"

थोरल्यानं मान खाली घातली. साहेब झाल्यापासून त्याला 'बाळा' कुणी म्हटलं नव्हतं. थोरली कात्री ठेवून त्याच्याजवळ आली. त्याच्या मांडीवरची चळत तेवढी काढून घेतली. कपडे चुरगळत होते.

"उद्या बैठक आहे," तो म्हणाला.

"मग आज नीट जेव," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो घरी न जाता आधी दुकानात आला. "बोललो," म्हणाला.

"मग?"

"दोघं उठून गेले. बाकीचे बसले. मंगळवार दिला. किल्ल्यांचं ठरवलं ते चूक होतं, असं इतिवृत्तात लिहायला लावलं. शनिवारची पोरं तिला हवी असतील तर तिचीच."

"आणि तू?"

"मी शेवटपर्यंत उभाच होतो. बसायचं लक्षातच आलं नाही."

माईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं भिजून पाठीला चिकटला होता. निवडून आला होता तेव्हा चहा पाजला होता, पण इतका अभिमान तेव्हा वाटला नव्हता.

*

मंगळवारी सकाळी कपडे बदलायच्या खोलीतून जांभळ्या बायकांची रांग बाहेर पडली. बेकरीवाली सगळ्यांत पुढे, राणीसारखी. कंडक्टरनं टोपी कानांवर इतकी ओढली होती की तिला काही ऐकू येत नव्हतं. वरच्या बाकांवर चारदोन माणसं होती, काचेमागे व्यवस्थापक उभा होता. आबा धाकट्याचा हात धरून आले होते. नवा सदरा घालून पहिल्या बाकावर बसले होते.

मासोळी काठावर आली आणि थांबली. गळ्यात शिट्टी, पायांची बोटं काठावर आणि श्वास मात्र धावून आल्यासारखा. "जमेल गं," असं कुणी म्हटलं नाही. लॉन्ड्रीच्या खोलीत त्या तेवढं शिकल्या होत्या. अक्का तिच्या शेजारी उभी राहिली, अंगाला न लागता.

"थोडं थांबाल?" मासोळी म्हणाली.

"दुकानाला सुट्टी आहे," बेकरीवाली म्हणाली आणि काठावर बैठक मारून पाय पाण्यात सोडले. एकेक करून सगळ्या तशाच बसल्या. पाणी हललं, गप्पा सुरू झाल्या. पिठाचे भाव, कुणाच्या पोरीचं लग्न.

माई मात्र बसली नाही. बसली असती तर पुन्हा उठवलं नसतं. ती शिडीपाशी गेली, तलावाकडे तोंड केलं आणि घराचा जिना उतरावा तशी पहिल्या पायरीवर पाय ठेवून सरळ पुढे झुकली. तिनं ते मुद्दाम केलं, असं थोरली पुढे आयुष्यभर सांगत राहिली. खरं तर शिडी कशी उतरतात हेच माईला ठाऊक नव्हतं.

"माई! उलटं तोंड! शिडीकडे तोंड करा!" मासोळी ओरडली.

माईनं मान वळवली, पाय सटकला, आणि तिनं किंकाळी फोडायच्या आत दोन हातांनी तिला कमरेला धरलं. मासोळी पाण्यात होती. केव्हा उडी मारली ते तिलाही कळलं नव्हतं. छातीपर्यंतच्या पाण्यात ती उभी होती, सासूला कवेत घेऊन, आणि भयंकर चिडलेली होती.

"शिडीकडे पाठ करून कुणी उतरतं का? मी सांगितल्याशिवाय एकीनंही हलायचं नाही! काय सांगितलं?"

"हलायचं नाही," बायका एका सुरात म्हणाल्या.

"माई, काठाची दांडी धरा. घट्ट नको, नुसती धरा. आता पाय सोडा."

"बुडेन मी."

"बुडणार नाही. पाय सोडा म्हणते ना! मान वर नको. पोट ताणून धरू नका. मी सांगते तेवढंच करायचं!"

त्या घरात माईला आजवर कुणी हुकूम सोडला नव्हता. मीठसुद्धा तिच्या हातचं पडायचं. माईनं दांडी सैल धरली, पोट सोडलं, पाय सोडले आणि सुनेच्या तळहातावर पाठ टेकून छताकडे बघत आडवी झाली. कानात पाणी गेलं. त्यातूनही तिला शिट्टी ऐकू आली, आणि तिच्या मागोमाग तो आवाज, तलावाच्या चारी भिंतींवर आपटून परत येणारा, एकेकीला नावानं हाकारून पाण्यात बोलावणारा. असा आवाज आपल्या घरात आहे, या अभिमानानं माईची छाती पाण्यातही फुगली.

मासोळीला पुरतं बरं व्हायला पुढे वर्ष गेलं. मधेच एखाद्या सकाळी ती कोपऱ्यावरून परतायची. मग बेकरीवाली तिला दुकानात बसवून घ्यायची, किंवा कंडक्टर पुढची बस घेऊन यायची. शनिवारची पोरं तिनं घेतली, पण तिच्या अटींवर. ते सगळं नंतर. त्या मंगळवारी तास संपला तेव्हा ओल्या केसांनी, नाक लाल झालेली माई काउंटरवर लॉकरची किल्ली परत द्यायला आली. तिथे एक तरुण आई पोराचं बोट धरून उभी होती. मघापासून ती काचेतून बघत होती.

"ऐका ना," तिनं जरा खालच्या आवाजात विचारलं, "त्या बाई शनिवारी परत शिकवणार आहेत का? याला घेतील की नाही, कोण जाणे."

माईनं पोराकडे पाहिलं, मग त्याच्या आईकडे पाहिलं, सावकाश, माप घ्यावं तसं.

"पोरं त्या सगळीच घेतात," माई म्हणाली. "आईबाप मात्र निवडून घेतात."